मुक्काम असू द्या, सोयी नकोत

गडकिल्ल्यांवरच्या रात्रीच्या मुक्कामाबद्दल सध्या दोन मागण्या आलटून पालटून कानावर येतात. कुठल्या तरी माचीवरच्या दारूच्या बाटल्यांचे फोटो फिरले की पहिली मागणी होते: मुक्कामावर सरसकट बंदी घाला. वर गेलेल्या एखाद्या कुटुंबाचे हाल झाले की दुसरी होते: वर शौचालयं बांधा, दिवे लावा, पाण्याची टाकी बसवा, जमलं तर रस्ताच न्या. दोन्ही मागण्या करणाऱ्यांचं गडांवर प्रेम असतं, यात मला शंका नाही. पण यातली कुठलीही एक पूर्ण मान्य झाली तरी सह्याद्रीतली एक फार मोलाची मुभा आपण गमावून बसू. पाठीवर मावेल तेवढं सामान घेऊन, वीज, नळ, छप्पर यांतलं काहीही नसलेल्या जागी रात्र काढायची आणि सकाळी ती जागा होती तशी सोडून उतरायचं, ही ती मुभा. ती टिकवायची असेल तर गडमाथ्यावर सोयी जाऊ देता कामा नयेत, असं माझं ठाम मत आहे.

हरिश्चंद्रगडाचंच उदाहरण घेऊ. उंची १,४२४ मीटर. अकोले तालुक्यातल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात तो येतो. हे अभयारण्य १९८६ सालचं. पाचनईहून चढलात तर दोन-अडीच तास पुरतात, खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जास्त लागतात आणि नळीची वाट धरली तर अख्खा दिवस मोडतो. वर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आहे, सप्ततीर्थ पुष्करणी आहे, केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात शिवलिंग आहे, तारामतीचं शिखर आहे आणि पश्चिमेला कोकणकडा. पूर्वी मुक्कामाला येणारे गुहांमध्ये पथारी टाकत. आता थंडीतल्या शनिवारी कोकणकड्याजवळच्या पठारावर तंबूच तंबू दिसतात. भाड्याचा तंबू, भाड्याचं अंथरूण, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे असं सगळं आगाऊ पैसे भरून मिळतं. कुठे ना कुठे स्पीकर चालू असतो. अपरात्री वर पोचलेला गट मोठमोठ्याने एकमेकांना हाका मारत जागा शोधतो.

यात मी पायथ्याच्या गावातल्या पोरांना दोष देणार नाही. मागणी शहरातून आली, त्यांनी ती पुरवली, आणि त्या पैशातून कुणाची शाळेची फी गेली असेल, कुणाच्या घरावर पत्रे आले असतील. माझा मुद्दा वेगळा आहे. सोय वाढली तशी माणसं वाढली, माणसं वाढली तसा वरच्या पाण्यावर आणि मातीवर ताण आला आणि आता तो ताण निस्तरायला आणखी सोयी मागितल्या जात आहेत. हे चक्र कुठे तरी अडवावं लागेल, आणि ते सोयीच्याच टोकाला अडवता येतं.

ज्या विषयावर चारचौघांत बोलायला आपण बिचकतो, त्याच्यापासूनच सुरुवात करतो. गडावर शंभर माणसं रात्री राहिली तर सकाळी शंभर माणसं शौचाला कुठे जातात? गिर्यारोहणाच्या शिक्षणात याचं एक उत्तर शिकवलं जातं. पाण्यापासून किमान साठ मीटर लांब जायचं, वीतभर खोल खड्डा खणायचा, नंतर मातीने बुजवायचा. मुरमाड किंवा दाट झाडीच्या उतारावर हे उत्तर बरोबर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर ते चालत नाही. आपले गडमाथे म्हणजे बहुतेक ठिकाणी काळ्या कातळाचा सडा. त्यावर माती असते ती कुठे बोटभर, कुठे चार बोटं. खड्डा खणायला खुरपं टेकवलं की खण्णकन दगड लागतो. मग माणूस दोन धोंडे उचलतो, आडोसा पाहतो आणि त्यावर तेच धोंडे ठेवून परत येतो. नोव्हेंबरपासून मेपर्यंत हे असंच साचत राहतं. जूनमध्ये पाऊस कोसळतो आणि सड्यावरचं सगळं उताराने वाहत जातं. कुठे जातं? गडावरची टाकी याच वाहत्या पाण्याने भरतात. ज्यांनी ती कोरली त्यांनी पाऊस अडवून वर्षभराची बेगमी करण्यासाठीच ती उताराच्या तोंडाशी कोरली आहेत. म्हणजे आपण हंगामभर जे धोंड्याखाली झाकलं, तेच पुढच्या हंगामातल्या माणसाच्या बाटलीत शिरतं. टाक्यांची पाणी पिण्याजोगी का राहिली नाहीत, याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

यावर लगेच कुणी म्हणेल, म्हणूनच तर वर शौचालय हवं. मलाही हे उत्तर काही काळ पटत होतं. पण शौचालय म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. त्याला पाणी लागतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये गडावर ते पिण्यापुरतंही धड नसतं. त्याला टाकी लागते, ती भरली की उपसावी लागते, आणि उपसणारी गाडी कातळकोरीव पायऱ्या चढून येत नाही. कातळात शोषखड्डा मुरत नाही. जिथे जिथे हौसेने असं बांधकाम झालं, तिथे पुष्कळदा काही महिन्यांत कुलूप लागलेलं किंवा तुंबलेलं दिसतं, आणि माणसं त्याच भिंतीच्या आडोशाला बसतात. शिवाय ते साफ कोण करणार, हा प्रश्न आपल्या समाजात कधीच निरागस नसतो. हाताने मैला साफ करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी दोन दिवसांच्या आपल्या सहलीची घाण काढायला शेवटी कुणाला तरी चार पैसे देऊन वर पाठवलंच जाईल, आणि तो माणूस कुठल्या घरातला असेल हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मला हे मान्य नाही.

मग राहतो एकच सरळ मार्ग: ज्याचं त्याने खाली आणायचं. एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या खुंबू पासांग ल्हामू ग्रामपालिकेने २०२४ मध्ये गिर्यारोहकांना स्वतःची विष्ठा पिशवीतून खाली आणणं सक्तीचं केलं. तिथे बर्फात काहीच कुजत नाही, आपल्याकडे कातळात काहीच मुरत नाही. अडचण एकाच जातीची आहे. घट्ट बंद होणारी जाड पिशवी, आत थोडा लाकडाचा भुसा किंवा राख, बाहेरून आणखी एक पिशवी, आणि ती सॅकला बाहेर बांधलेली. ऐकताना किळस वाटते, पण तान्ह्या बाळाचे लंगोट हाताळणाऱ्या घराला हे काही अगदीच परकं नाही. ज्याला हे जमणार नाही, त्याने संध्याकाळी पायथ्याच्या गावात उतरून मुक्काम करावा. त्यात कमीपणा काही नाही.

बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो बाजूला सारून कुणी गडावरच्या मुक्कामाची बाजू घेऊ नये. मिश्र गटात मुली दिवसभर मुद्दाम कमी पाणी पितात. हे त्या कुणाला सांगत नाहीत. उन्हात चढताना त्यांचं डोकं दुखायला लागतं, पायात गोळे येतात, आणि गटातले पुरुष ‘सवय नाही’ असं म्हणून मोकळे होतात. पाळीच्या दिवसांत तर कित्येकजणी येणंच टाळतात. याला उपाय आहे आणि तो पाठीवर नेता येतो. माणूसभर उंचीचा, पटकन उभा राहणारा आणि घडी घालून सॅकमध्ये बसणारा छोटा तंबू बाजारात मिळतो. मुक्कामाच्या जागेपासून बाजूला तो उभारायचा, आत पिशव्या आणि भुसा ठेवायचा, वापरलेले पॅड वेगळ्या काळ्या पिशवीतून खाली न्यायचे, आणि हे सगळं पायथ्याशीच सर्वांसमोर, कुजबुज न करता सांगायचं. ज्या गटात हे सांगितलं जातं तिथे मुली निवांत पाणी पितात. हा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. सकाळी तो तंबू घडी होऊन खाली येतो आणि गडावर त्याची खूणही उरत नाही. जी सोय माणसाबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच परत जाते, तिला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे गडावर रोवल्या जाणाऱ्या सोयीला.

दिवे आणि शेकोटीचंही तेच. अभयारण्याला धोका पोचेल अशी आग लावणं किंवा पेटती सोडणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) कलम ३० नुसार गुन्हा आहे, तरी शेकोटीशिवाय मुक्काम अळणी वाटतो अशी समजूत घट्ट बसली आहे. थंडीपासून पुढे माथ्यावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. एक ठिणगी उडाली की वणवा सोंडेवरून खाली झाडीत उतरतो. सरपण म्हणून मोडली जाते ती बहुधा कारवी. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी, जिच्या कुडाच्या भिंतींवर डोंगरातली घरं उभी राहतात ती. स्वयंपाकाला हातात मावणारी गॅसची शेगडी पुरते, आणि अंगाला ऊब द्यायला कानटोपी, स्वेटर आणि गरम चहा. उजेडाचं म्हणाल तर मेअखेरीला भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीच्या रानात काजवे येतात तेव्हा काय होतं ते आठवा. नर काजवा चमकून मादीला बोलावतो, तीही चमकून उत्तर देते. सगळा संसार त्या उजेडाच्या भाषेवर चाललेला. तिथे गाड्यांच्या दिव्यांच्या रांगा, मोबाइलचे टॉर्च आणि फ्लॅश. काजवे पाहायला आलेली माणसंच काजव्यांची भेट मोडतात. गडावर कायमचे दिवे लावायची मागणी करणाऱ्यांनी एकदा या दिवसांत घाटघरच्या रस्त्यावर उभं राहून पाहावं.

आता बंदीकडे वळतो. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या बुग्याळांवर, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. आली-बेदिनी-बागजी या कुरणांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या स्थानिक समितीच्या याचिकेवर तो निकाल होता. रूपकुंड या हिमालयातल्या तळ्याच्या वाटेवरची ही कुरणं. पुण्या-मुंबईहून दरवर्षी तिकडे जाणाऱ्या मराठी ट्रेकर्सची संख्या मोठी होती, त्यामुळे निकालाची झळ इकडेही बसली. कुरणं खरोखर तुडवली जात होती, त्यामुळे न्यायालयाला दोष देता येणार नाही. तिथली कायमची फायबरची घरं हटवायला सांगितली हेही योग्यच झालं, किंबहुना त्या निकालातला मला सगळ्यात पटलेला भाग तोच. पण सरसकट मनाईने लोहाजंग आणि वाणसारख्या गावांतल्या वाटाड्यांचा, खेचरवाल्यांचा, ओझी वाहणाऱ्यांचा रोजगार गेला, आणि एकट्या-दुकट्याने नीट राहणारा माणूस आणि शेकड्यांनी तंबू ठोकणारा आयोजक यांना एकच माप लागलं. मोजत बसण्यापेक्षा बंद करून टाकणं प्रशासनाला सोपं जातं. गंगोत्रीहून गोमुखला मात्र त्याच राज्यात दिवसाला १५० माणसांची मर्यादा घातली आहे. म्हणजे मोजणं अशक्य नाही.

काही जागी बंदी हवीच. वासोटा किल्ल्याला बामणोलीहून नावेने जायचं, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत परत फिरायचं. मुक्काम करता येत नाही. कोयनेचं ते रान २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथे रात्र रानाचीच असली पाहिजे. ही बंदी उठवा असं मी कधीही म्हणणार नाही. फुलांच्या सड्यांवर तंबू ठोकण्याच्याही मी विरोधात आहे. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, कंदीलपुष्पं उगवतात. त्यांच्यावर एका तंबूचं जाजम दोन रात्री पडून राहिलं तर त्या तुकड्यावर त्या हंगामात बी धरत नाही.

मग उरलेल्या ठिकाणी मुक्काम असू द्या असा आग्रह का? कारण अभावात काढलेल्या एका रात्रीतून जे कळतं ते व्याख्यानातून कळत नाही. चार जणांत पाच लिटर पाणी आहे आणि टाकं अर्ध्या तासावर आहे, अशा वेळी सोळा-सतरा वर्षांची मुलं काय करतात ते पाहण्यासारखं असतं. पहिल्या रात्री त्यातला एकजण सवयीने तोंड धुवायला बाटली उपडी करतो. दुसऱ्या दिवशी तोच पातेल्याला लागलेली खिचडी भाकरीच्या तुकड्याने निपटून खातो, मग ओंजळभर पाणी आत फिरवतो, ते पाणी दुसऱ्या पातेल्यात ओततो आणि त्याच पाण्याने चमचे काढतो. कुणी शिकवावं लागत नाही. घरी नळ वाहता सोडणाऱ्या मुलाने हे आपसूक केलेलं असतं. गडावर एवढी टाकी का, ती माचीच्या याच अंगाला का, दरवाज्यापासून इतक्या अंतरावर का, हे प्रश्नही त्याला तिथेच पडतात. ज्या शिबंदीने पावसाळ्याचे चार महिने या माथ्यावर पहारे केले, त्यांचं जगणं त्याला दुपारच्या दोन तासांच्या फेरीत दिसलं नसतं. आणि काळोख. शहरात वाढलेल्या मुलांना खरा काळोख माहीत नसतो. पहिला तासभर ती बिचकतात, टॉर्च सारखा इकडेतिकडे फिरवतात. मग कुणी तरी टॉर्च बंद करतं, डोळे सरावतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे पूर्वेला आकाशगंगेचा पट्टा वर आलेला त्यांना दिसतो. तो पाहताना पुष्कळशी मुलं बोलायची थांबतात.

यावर एक जुना आक्षेप आहे: ज्याच्या पायात बळ त्यालाच गड, मग म्हाताऱ्यांनी आणि अपंगांनी काय करायचं? रास्त आहे. म्हणूनच रायगडाला १९९६ पासून रोप-वे आहे याचा मला आनंद वाटतो. ती स्वराज्याची राजधानी. तिथे प्रत्येकाला पोचता आलं पाहिजे. सिंहगडावर गाडी जाते, तीही जाऊ द्या. पण प्रत्येक गड रायगड नाही, आणि सगळ्या डोंगरांना एकच न्याय लावून सगळेच सारखे करून टाकायची गरज नाही. दुसरं, बिनसोयीचा मुक्काम ही श्रीमंतांची चैन आहे असं जे समजलं जातं ते वस्तुस्थितीच्या उलट आहे. महाराष्ट्रात याहून स्वस्त प्रवास दुसरा नव्हता. संध्याकाळची मुक्कामी एसटी पकडायची, पिशवीत तांदूळ-डाळ, कांदे-बटाटे, घरची चादर, आणि झोपायला देऊळ किंवा गुहा. गिरणगावातल्या, पेठांतल्या, वसतिगृहांतल्या पोरांनी असाच सह्याद्री पालथा घातला. सोयी आल्या तसे दर आले, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो हळूहळू बाहेर पडला.

सोयी नकोत म्हणताना एक गोष्ट तितक्याच जोराने म्हटली पाहिजे. गडाला नको, पण गावाला सगळं हवं. आपण ज्याला निर्मनुष्य रान समजतो ते महादेव कोळी, ठाकर, धनगर यांचं घर, गुरचरण आणि देवस्थान आहे. आपण एक रात्र हौसेने ज्या गैरसोयीत काढतो, ती त्यांनी पिढ्यान् पिढ्या नाइलाजाने सोसली आहे. उन्हाळ्यात पायथ्याच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर वाट पाहावी लागते. पाचनई, खिरेश्वर, साम्रद, रतनवाडी, बारी या गावांना पक्का रस्ता, बारमाही पाणी, औषधांसकट चालणारं आरोग्य उपकेंद्र आणि मोबाइलचं नेटवर्क हवं. गडावर शौचालयासाठी खर्च व्हायचा तो पैसा या वाड्यांत खर्च व्हावा. मुक्कामाची, जेवणाची, शौचालयाची सोय गावातल्या घरांत झाली तर पैसा ओसरीवर येतो, घरच्या बाईच्या हातात येतो, आणि गड मोकळा राहतो.

सुरक्षिततेबद्दलही थोडं. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या धुक्यात वाट चुकून, भिजून गारठून माणसं दगावली आहेत. अशा वेळी आधी धावून जातात ते गावातले वाटाडे आणि गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक, बहुधा विनामोबदला. गडावर दिवे असते म्हणून त्यातलं कुणी वाचलं असतं असं मला वाटत नाही. सोबत वाटाड्या असता, कोरडे कपडे असते, परत फिरायची तयारी असती तर वाचले असते. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी ‘तुमची नोंदणी आहे का, तीस माणसांमागे अनुभवी किती, वैद्यकीय पेटी कुणाकडे’ एवढं विचारायची सवय तरी लागावी.

गर्दी सुरू होते ती दसरा-दिवाळीनंतर. त्याआधी, ऑक्टोबरात पाऊस ओसरला की, प्रत्येक गडावर गावची वनसमिती, वनखातं आणि तालुक्यातल्या गिर्यारोहकांनी मिळून टाक्यांतलं पाणी मोजावं. उन्हाळ्यात वर चरायला येणाऱ्या गुरांचं आणि गुराख्यांचं पाणी आधी बाजूला काढावं. उरलेल्या पाण्यावर एका रात्री किती माणसं राहू शकतात तो आकडा ठरवून पायथ्याच्या पावतीच्या खिडकीवर लिहावा. तेवढ्या पावत्या फाटल्या की बाकीच्यांना गावात मुक्कामाला पाठवावं. तंबू कड्याच्या काठापासून आणि सड्यापासून दूर, आखून दिलेल्या जागीच उभे राहावेत, आणि हंगामभर वर ठोकून ठेवलेला एकही भाड्याचा तंबू नसावा. वर जाणाऱ्या प्रत्येकाकडून अनामत घ्यावी, सॅकमधल्या प्लास्टिकची आणि पिशव्यांची नोंद करावी, आणि उतरताना भरलेल्या पिशव्या दाखवल्याशिवाय ती परत देऊ नये. भरलेल्या पिशव्यांची विल्हेवाट लावायला गावात खोल, झाकलेला खड्डा लागेल. त्याच्या खर्चाचा वाटा पावतीत धरावा, आणि तो राखायचं काम गटांनी पाळीपाळीने स्वतः करावं.